वाळूमाशीत चांदीपुरा ‘आढळला’ असं कधी म्हणता येतं?

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पूर्व विदर्भातल्या दोन गावांत, गोठ्यांमध्ये लाइट ट्रॅप लावून एमएस्सीच्या एका विद्यार्थ्याने पावसाळ्यात ३१० वाळूमाशा गोळा केल्या. त्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये, खोलीच्या तापमानाला तीन महिने राहिल्या. नंतर ५०-५० माशांचे सहा पूल (एकत्र वाटून तपासायचे गट) आणि उरलेल्या दहांचा सातवा असे करून आरएनए काढला आणि प्रकाशित निबंधातले, मेंदूज्वर आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूचे प्रायमर (त्याचा ठरावीक तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे) घेऊन आरटी-पीसीआर केली, म्हणजे आरटी या विकराने आरएनएचा डीएनए करून तो तुकडा वाढवला. चौथ्या पूलमध्ये जेलवर अपेक्षित उंचीवर फिकट बँड (वाढलेल्या तुकड्याचा पट्टा) आला. पुन्हा केली तेव्हा आला नाही. मार्गदर्शक म्हणतात, ‘चांदीपुरा विषाणू आढळला’ असं लिही. मित्र म्हणतो, निगेटिव्ह धर. आणि शेवटी विचारलंय: मेटाजिनोमिक्सला, म्हणजे नमुन्यातले सगळेच जनुकीय तुकडे एकदम वाचण्याला, पैसे घालू का?

तुम्ही दोघांचंही ऐकू नका. आज तुमच्या हातात जे आहे त्याला ‘अनिर्णित’ म्हणतात, आणि तसं लिहिण्यात कमीपणा काही नाही. मी बावीस वर्षं वाळूमाशा गोळा करण्यात आणि त्यांच्यातले विषाणू शोधण्यात घालवली आहेत. माझा अनुभव सांगतो की अशा वेळी खरा प्रश्न पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हा नसतो. तुमचा नमुना किती मोठा दावा पेलू शकतो, हा असतो. नळीत विषाणूच्या आरएनएचा तुकडा होता, हा एक दावा. तो विषाणू त्या माशीत जिवंत होता आणि वाढत होता, हा त्याहून बराच मोठा. आणि ती माशी तो माणसाला देते, हा तर अजून कितीतरी पुढचा. ‘आढळला’ या एका शब्दात वाचणारा तिन्ही दावे एकदम वाचतो, म्हणून तो शब्द जपून वापरायचा.

तुमच्या भागात हे काम का मोलाचं आहे ते आधी सांगते, कारण विद्यार्थ्यांना पुष्कळदा वाटतं की आपण कुठल्या तरी परदेशी विषयाची नक्कल करतोय. हा विषाणू आपल्याकडचाच. १९६५ मध्ये नागपूर भागात डेंगी-चिकुनगुनियाची साथ चालू असताना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो वेगळा काढला आणि चांदीपुरा हे तिथल्याच जागेचं नाव त्याला दिलं. पुढे औरंगाबादच्या वाळूमाशांमधून तो मिळाला, त्याचा निबंध १९७० चा. त्याच जिल्ह्यात एकाच मोसमात वाळूमाशा आणि माणसं या दोन्हींमधून सँडफ्लाय फिव्हरचा (वाळूमाशीमुळे येणाऱ्या तापाचा) विषाणूही मिळाला होता; तो निबंध १९७६ चा. हा दुसरा विषाणू अगदी वेगळ्या कुळातला आहे. त्याच्याकडे मी पुढे परत येते, कारण तुमच्या प्रायमरना तो दिसूच शकत नाही.

बरीच वर्षं चांदीपुराला कोणी फारसं मोजलं नाही. मग २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि अनेक मुलांत हे सगळं एक-दोन दिवसांत संपलं. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरात आणि आसपासच्या भागात पुन्हा तेच दिसलं. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुराची खात्री झाली. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. साथ ऐन भरात असतानाही प्रत्येक मेंदूज्वर चांदीपुराचा निघाला नाही. रुग्णांच्या बाबतीत एवढी कसून खात्री होत असेल, तर माशांच्या बाबतीत आपण सैल राहून कसं चालेल?

आता तुमच्या नमुन्याकडे. काही गोष्टी तुम्ही सांगितल्या नाहीत आणि उत्तर बरंचसं त्यांच्यावरच अवलंबून आहे. माशा ट्रॅपमधून किती वाजता काढल्या? प्रायमर किती लांबीचा तुकडा वाढवतात? पॉझिटिव्ह कंट्रोल (चाचणी चालते हे दाखवणारा खात्रीचा नमुना) म्हणून काय वापरलं: प्लाझमिड (विषाणूचा तुकडा बसवलेला डीएनए), की वाढवलेल्या विषाणूचा आरएनए? तो त्याच टेबलावर उघडला का? आरटी न घातलेली नळी ठेवली होती का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूल करण्याआधी माशांची जात ओळखली होती का?

अल्कोहोलचं आधी सांगते. ७० टक्के अल्कोहोल माशीच्या शरीररचनेसाठी ठीक, डीएनएसाठीही बऱ्यापैकी. आरएनएसाठी ते कच्चं आहे. माशी मेली की तिच्याच पेशींतली विकरं आरएनए तोडायला लागतात, आणि उरलेल्या ३० टक्के पाण्यात, विदर्भातल्या खोलीच्या तापमानाला, ते काम तीन महिने सावकाश चालत राहतं. आरएनए एकदम नाहीसा होत नाही, त्याचे तुकडे होतात. म्हणून पाचशे बेसचा (अक्षरांचा) तुकडा वाढवणारे प्रायमर हात टेकतात, पण शंभर बेसचा तुकडा अजून सापडू शकतो. एकदा आला आणि एकदा नाही, याचं हे एक साधं आणि शक्य कारण आहे: नळीत शाबूत रेणू इतके कमी की एखाद्या वेळी पिपेटमध्ये येतात, एखाद्या वेळी येत नाहीत. दुसरं तितकंच शक्य कारण म्हणजे पहिल्या वेळी काहीतरी बाहेरून आत आलं.

या दुसऱ्या कारणाबद्दल मी पोटतिडकीने लिहिते, कारण मी ते भोगलंय. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका प्रयोगशाळेत आम्ही १४ पूल तपासले आणि ९ पॉझिटिव्ह आले. गावात एक लहान मूल मेंदूज्वराने नुकतंच गेलं होतं. आम्ही हादरलो, आणि खरं सांगायचं तर मनातून उत्साहीही होतो. जिल्ह्याला पाठवायचं पत्र तयार झालं. आमच्या वरिष्ठ बाईंनी सहीसाठी आलेलं पत्र बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं, “अगं, निम्म्याहून जास्त पूलमध्ये विषाणू? माशांमध्ये इतका कधी पाहिलायस?” नऊच्या नऊ तुकड्यांचा क्रम, म्हणजे अक्षरांची ओळ, काढला. सगळे एकमेकांशी अक्षर न अक्षर सारखे, आणि आमच्या कंट्रोलच्या प्लाझमिडशीही तसेच. प्लाझमिडची नळी ज्या टेबलावर उघडत होतो तिथेच माशांचा आरएनए ठेवत होतो. ते पत्र गेलं असतं तर त्या गावातल्या आयांच्या रात्री कशा गेल्या असत्या, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तेव्हापासून माझ्याकडे कंट्रोल वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने आणि सगळ्यात शेवटी उघडतात. शिवाय कंट्रोलमध्ये मुद्दाम काही परकी अक्षरं घातलेली असतात. तो कुठे शिरला तर क्रम पाहताच ओळखू येतो.

म्हणून चौथ्या पूलचं असं करा. त्या पूलचं मूळ होमोजिनेट (माशा वाटून केलेला द्रव) उरलं असेल तर त्यातून आरएनए नव्याने काढा, सोबत फक्त पाणी घातलेली एक नळी पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत चालवा. ही कोरी नळी आरएनए काढण्यापासूनच हवी. पीसीआरच्या वेळी पाणी घालून भागत नाही. त्याच आरएनएवर आधी माशीचंच एखादं नेहमी चालू असणारं जनुक तपासा. तेच येत नसेल तर आरएनए मोडलाय किंवा पीसीआर अडतेय, आणि मग विषाणू ‘आला नाही’ याला काहीच अर्थ उरत नाही. नंतर शंभर-सव्वाशे बेसचा तुकडा वाढवणारी रिअल-टाइम आरटी-पीसीआर तीन-तीन नळ्यांत करा. चांदीपुराच्या जिनोममध्ये साधारण ११ हजार बेस आहेत आणि एन, पी, एम, जी, एल अशी पाच जनुकं ओळीने बसलेली आहेत. या घराण्यातले विषाणू पेशीत वाढताना पहिल्या, म्हणजे एन जनुकाच्या प्रती सर्वांत जास्त काढतात आणि पुढे पुढे त्या कमी होत जातात. म्हणून शोधायचं असेल तर एन धरा. जी जनुक बाहेरच्या प्रथिनाचं, जास्त बदलणारं. ते नंतर, कुठल्या गटातला आहे हे पाहायला.

आणि एक नळी आरटीशिवाय चालवा. हे मी दहा वेळा सांगेन. चांदीपुरा हा आरएनए विषाणू. आरएनएचा डीएनए करणारं विकर घातलंच नाही आणि तरीही बँड आला, तर जे वाढलं ते मुळात डीएनए होतं. एकतर तुमचं प्लाझमिड, नाहीतर माशीच्या स्वतःच्या जिनोममधला तुकडा. ही दुसरी शक्यता विद्यार्थ्यांना माहीत नसते. कीटकांच्या गुणसूत्रांमध्ये प्राचीन काळी शिरलेल्या विषाणूंचे अवशेष बसलेले असतात, आणि चांदीपुराच्या दूरच्या भाऊबंदांचे, म्हणजे ऱ्हॅब्डोव्हायरसांचे, असे तुकडे बऱ्याच कीटकांत सापडले आहेत. ती माशी आजारी नसते, तिच्यात विषाणू नसतो. पिढ्यान्‌पिढ्या आईबापांकडून आलेला तो एक मुका तुकडा असतो. कधीकधी त्याच्या आरएनए प्रतीही निघतात, त्यामुळे आरटीची नळी एकटी पाहिली की फसगत होते. असा तुकडा ओळखायची दुसरी खूण म्हणजे क्रम प्रथिनाच्या भाषेत वाचताना मध्येच थांबा-संकेत लागतात, अक्षरं गळालेली असतात. काम करणाऱ्या विषाणूला असं परवडत नाही.

बँड पुन्हा आला तर तो जेलमधून कापून दोन्ही बाजूंनी सँगर सीक्वेन्सिंगला (क्रम वाचायला) द्या. तुकडा फार छोटा असेल तर क्लोन करून द्या, नाहीतर सुरुवातीची अक्षरं धूसर येतात आणि हातात काही राहत नाही. क्रम आला की दोन्ही टोकांचा प्रायमरचा भाग आधी काढून टाका. तो विषाणूचा नसतो, तुम्ही विकत घेतलेला असतो. मी परीक्षक म्हणून असे प्रबंध पाहिलेत की प्रायमरसकट जुळणी करून ‘शंभर टक्के साम्य’ लिहिलंय आणि मधला भाग जुळतच नाही. उरलेल्या भागाची ब्लास्टवर (नोंदलेल्या क्रमांशी जुळवून पाहणाऱ्या साधनावर) तुलना करताना सर्वांत वरचं नाव उचलून थांबू नका. तुमच्या क्रमाचा किती भाग जुळला आणि त्या भागात साम्य किती, हे दोन्ही आकडे पाहा. भारतातले चांदीपुराचे प्रकार एकमेकांच्या फार जवळचे आहेत. १९६५ चा आणि २००३ चा यांच्यातही फरक थोड्याच टक्क्यांचा. त्यामुळे तुमचा तुकडा चांदीपुराशी ७५-८० टक्केच जुळत असेल तर तो चांदीपुरा नाही. तो त्याचा एखादा नातेवाईक असू शकतो. इराणमध्ये १९७५ साली वाळूमाशांमधून मिळालेला इस्फहान विषाणू याच वंशातला आहे. आपल्या गोठ्यांमध्ये असा कुणी नवा भाऊबंद सापडला तर ती चांदीपुरापेक्षाही मोठी बातमी ठरेल, पण तिला चांदीपुराचं नाव देऊन तुम्ही ती स्वतःच पुसून टाकाल. उलट साम्य शंभर टक्के, आणि तेही नेमकं तुमच्या कंट्रोलशीच, असं आलं तर आनंद बाजूला ठेवून वरची नऊ पूलची गोष्ट आठवा.

आता माशीकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या कामातली मोठी फट तिथे आहे. ‘३१० वाळूमाशा’ हे फार ढोबळ झालं. गावात लोक यांना चिलटंच म्हणतात, आणि ट्रॅपमध्ये खरोखरची चिलटं, डासांची पिल्लावळ, पतंग असं सगळं येतं. वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर केसाळ, पाठीत पोक आलेली, आणि बसताना पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून बसणारी. टॉर्चच्या उजेडात गोठ्याच्या भिंतीवर ती उडते कमी आणि टुणटुण उड्या जास्त मारते. एवढ्यावर वाळूमाशी कळते, जात कळत नाही. जात कळायला डोकं आणि पोटाचं शेवटचं टोक काचपट्टीवर चढवावं लागतं. घशातल्या दातांची रांग आणि मादीच्या शुक्रकोषाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. थंड ठेवलेल्या पट्टीवर, बारीक सुईने, एकेक माशी. डोकं आणि टोक स्लाइडला, छाती आणि उरलेलं पोट विषाणूच्या नळीला, दोन्हींवर एकच क्रमांक. सरावाने तासाला पंधरा-वीस होतात, पाठ मोडते, पण याला पर्याय नाही. हात बसलेला नसेल तर दोन-तीन पाय वेगळे ठेवून सीओआय या, जात ओळखायला वापरतात त्या जनुकावरून जात काढता येते. पूलमधल्या माशा वाटून लगदा केल्यावर मात्र हा मार्ग बंद होतो, कारण पन्नास माशांचा डीएनए एकत्र झालेला असतो.

जातीला मी एवढं महत्त्व का देते? कारण चांदीपुराचा वाहक म्हणून आपल्या डोक्यात फ्लेबोटोमस पापाटासी ही माशी पक्की बसली होती. प्रयोगशाळेत तिच्यात विषाणू वाढतो, आईकडून अंड्यांमधून पुढच्या पिढीत जातो हे १९८३ मध्येच दाखवलं गेलं आणि नर-मादीच्या मीलनातूनही जातो हे नंतर दिसलं. पण तेलंगणातल्या करीमनगरच्या आणि नागपूरच्या माशांमध्ये तो मिळाला तो सर्जेंटोमायिया या वंशात. या माशा प्रामुख्याने पाली-सरड्यांचं रक्त पिणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. मग माणसाला कोण चावतं, विषाणू दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात कुठे दडतो, हे प्रश्न अजून उघडे आहेत. तुमच्या ३१० मध्ये सर्जेंटोमायिया किती आणि फ्लेबोटोमस किती हे माहीत असतं, तर तुमचा एक पॉझिटिव्ह पूल या प्रश्नाला हात घालू शकला असता.

तेच माद्यांच्या पोटाचं. रक्त पिऊन फुगलेली मादी, रिकाम्या पोटाची, अंडी भरलेली आणि नर हे चार गट वेगळे हवेत. फुगलेल्या मादीत विषाणूचा आरएनए मिळाला तर तो तासाभरापूर्वी प्यायलेल्या रक्तातला असू शकतो. माशी केवळ भांडं असते. रिकाम्या पोटाच्या किंवा अंडी भरलेल्या मादीत मिळाला तर तो पचनातून तगून पुढे गेला असण्याची शक्यता वाढते. नरात मिळाला तर फारच महत्त्वाचा, कारण नर रक्त पीतच नाही. त्याला तो आईकडून किंवा मादीकडूनच आलेला असणार. म्हणून पकडलेले नर फेकून देऊ नका, जे फार जण करतात.

इथवरचं एकदा जुळवून घ्या. चौथ्या पूलमध्ये आरटीच्या नळीत तुकडा पुन्हा आला, आरटीशिवाय आला नाही, कोरी नळी स्वच्छ राहिली, आणि क्रम चांदीपुराशी जवळून जुळतो पण तुमच्या कंट्रोलहून वेगळा आहे. एवढं झालं तर तुम्ही निःशंक लिहू शकता: ‘वाळूमाशांच्या एका मिश्र पूलमध्ये चांदीपुरा विषाणूच्या आरएनएचा अंश आढळला.’ आरएनएचा अंश, मिश्र पूल, हे शब्द गाळायचे नाहीत.

आणि उरलेले सहा पूल? त्यांना ‘गावात विषाणू नाही’ असं समजू नका. विषाणू असलेल्या माशा फार थोड्या असतात. समजा हजारात एक माशी बाधित आहे. तर ३१० माशा पकडल्यावर शंभरातल्या सुमारे ७३ वेळा तुमच्या हाती एकही बाधित माशी लागणार नाही. सगळे पूल निगेटिव्ह आले असते तरी हजारात दहापर्यंतचं प्रमाण तुम्ही नाकारू शकला नसता. उलट एक पूल पॉझिटिव्ह धरला तर किमान प्रमाण हजारात ३.२ येतं, पण हे गणित एकाच जातीच्या, एकाच जागच्या माशांसाठी असतं. जाती मिसळल्या की त्या आकड्यावर काही बांधता येत नाही, तेव्हा प्रबंधात तो घालू नका.

मेटाजिनोमिक्सबद्दल: या नमुन्यासाठी नको. मोडलेल्या आरएनएवर खर्च केलात तर येणारा बहुतेक डेटा माशीच्या रायबोसोमचा आणि तिच्या पोटातल्या जिवाणूंचा असेल. चांगल्या नमुन्यासाठी मात्र हे तंत्र फार गुणी आहे, कारण ते तुम्ही न विचारलेलंही सांगतं. मघाशी सँडफ्लाय फिव्हरचा उल्लेख केला तो यासाठीच. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सैनिकांच्या तापातून नेपल्स आणि सिसिलियन हे विषाणू मिळाले. १९७१ मध्ये तिथल्याच टस्कनीत वाळूमाशांमधून टोस्काना विषाणू मिळाला, जो भूमध्य समुद्राकाठी मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. हे फ्लेबोव्हायरस. यांचा जिनोम एल, एम, एस अशा तीन तुकड्यांत असतो. चांदीपुराचे प्रायमर यांना आंधळे असतात. यांच्यासाठी एल तुकड्याच्या न बदलणाऱ्या भागावर बेतलेली, अनेक फ्लेबोव्हायरस एकदम धरणारी नेस्टेड (दोन टप्प्यांची) पीसीआर आहे. शेवटचा तुकडा सुमारे अडीचशे बेसचा. पुढच्या मोसमात प्रत्येक पूलवर ती चालवाच. नेस्टेडमध्ये पहिली नळी उघडून दुसरीत घालावी लागते, तेव्हा बाहेरचं काही शिरण्याची भीती दुप्पट.

पण फ्लेबोव्हायरसची ओळख एल तुकड्यावर संपत नाही. एका माशीत दोन विषाणू एकत्र आले तर त्यांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जाऊ शकतात: एल एकाचा, एम दुसऱ्याचा. म्हणून तिन्हींचा क्रम हवा, आणि तिन्हींचे वंशवृक्ष वेगवेगळे काढून एकमेकांशी ताडून पाहायला हवेत. एलमधल्या पॉलिमरेझ प्रथिनाचं साम्य ९५ टक्क्यांच्या खाली गेलं तर जात वेगळी, असं वर्गीकरणाचं माप आहे. अडीचशे बेसच्या तुकड्यावर तो निवाडा होत नाही. आणि इथेही पूलच आड येतो. पन्नास माशांच्या पूलमधून संगणकाने जोडलेले तीन तुकडे एकाच विषाणूचे की दोन वेगवेगळ्या माशांतल्या दोन विषाणूंचे, हे क्रम पाहून कळत नाही. त्यासाठी विषाणू पेशींवर वाढवून, पेशींच्या थरावर उठलेल्या एकाच ठिपक्यातून शुद्ध करून मग क्रम काढावा लागतो. त्याला जिवंत विषाणू लागतो, आणि जिवंत विषाणूला गोठ्यापासून थंडी लागते. शिवाय मेटाजिनोमिक्समध्ये नवं नाव दिसलं की ते माणसाला बाधतं असंही नाही; कीटकांपुरतेच राहणारे विषाणू ढिगाने सापडतात.

म्हणून पुढच्या जूनची तयारी आत्ताच करा. ट्रॅप सूर्यास्ताआधी लावा आणि उजाडायच्या आत काढा. ऊन चढलं की पंख्याखालच्या पिशवीत माशा मरून वाळतात. शिवाय रात्री आठ ते दहा टॉर्च आणि तोंडाने ओढायच्या ॲस्पिरेटरने भिंतीच्या भेगांतल्या, शेणाच्या ढिगाजवळच्या माशा पकडा. या जिवंत मिळतात. ॲस्पिरेटरच्या नळीत बारीक जाळी आणि गाळणी दोन्ही हवीत, त्याशिवाय तोंडाला लावू नका. तेल लावलेले चिकट कागद जातींच्या मोजणीला चालतात, विषाणूसाठी नाही. माशा थंडीने बेशुद्ध करून क्रमांकाच्या छोट्या नळ्यांत, तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनच्या कॅनिस्टरमध्ये, आणि नंतर उणे ८० अंशांवर. कॅनिस्टर मिळाला नाही तर निदान आरएनए टिकवणारं द्रावण न्या. त्यात विषाणू जिवंत राहील याचा भरवसा नाही, पण क्रम वाचतो. जात, लिंग, पोटाची स्थिती, घर आणि तारीख यांनुसार पूल करा, पंचवीसच्या वर माशा घालू नका. थंडीत वाटून होमोजिनेटचे दोन भाग करा: एक आरएनएला, एक न उघडता राखीव. पॉझिटिव्ह निघालेल्या पूलचा राखीव भाग पुण्याच्या संस्थेकडे विषाणू वाढवण्यासाठी देता येतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो वाढवायचा विचारही करू नका. या आजारावर नेमकं औषध नाही, लसही नाही.

शेवटचं, लोकांबद्दल. ज्यांच्या गोठ्यात तुम्ही दोन महिने ट्रॅप लावलेत, त्यांनी पाणी पाजलं असेल, बैल बाजूला बांधले असतील. तुमच्या निबंधाआधी मोबाइलवरून ‘आपल्या गावात चांदीपुरा’ असं पोचलं तर ते तुमच्याच नावावर जाईल. क्रमाची खात्री झाली की मार्गदर्शकांच्या सहीने आधी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवा. फवारणी कुठे करायची, तापाच्या मुलांवर कुठे लक्ष ठेवायचं हे त्यांच्या हातात असतं. गावात मात्र तुम्ही आजही जाऊन सांगू शकता, त्यासाठी पीसीआरची वाट पाहायची गरज नाही: भिंतीच्या भेगा बुजवा, शेणाचा ढीग घरापासून लांब न्या, मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा कारण वाळूमाशी साध्या जाळीतून आत येते, आणि पावसाळ्यात मुलाला तापाबरोबर झटका आला तर सकाळपर्यंत थांबू नका.

चौथ्या पूलचा उरलेला आरएनए आजच पाच-पाच मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून उणे ८० वर ठेवा; प्रत्येक वेळी सगळाच्या सगळा वितळवून पुन्हा गोठवत राहिलात तर तिसऱ्या खेपेला वाचण्यासारखं काही उरणार नाही. आरटीशिवायच्या नळीचा निकाल आणि क्रम आला तर दोन्ही दिशांच्या क्रोमॅटोग्रामच्या (क्रम वाचतानाच्या आलेखांच्या) मूळ फाइली पाठवा, नुसती अक्षरं नकोत. मी बघते.